झाकली मूठ: २०१६ च्या प्रायमरीत एलिझाबेथ वॉरन यांनी बाजू का घेतली नाही?

२५ जुलै २०१६ रोजी फिलाडेल्फियात डेमोक्रॅटिक पक्षाचं राष्ट्रीय अधिवेशन सुरू झालं. पहिल्याच संध्याकाळी मॅसॅच्युसेट्सच्या सिनेटर एलिझाबेथ वॉरन भाषणाला उभ्या राहिल्या आणि सभागृहाच्या एका भागातून घोषणा येऊ लागल्या: 'आम्ही तुमच्यावर विश्वास ठेवला होता!' घोषणा देणारे बर्नी सँडर्स यांचे समर्थक होते. वॉरन त्यांच्या नेत्याविरुद्ध प्रचाराला उतरल्या नव्हत्या. पण हिलरी क्लिंटन आणि सँडर्स यांच्यात पक्षाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी फेब्रुवारीपासून जूनपर्यंत जी चुरस चालली, तीत त्यांनी सँडर्स यांची बाजूही घेतली नव्हती. त्या तटस्थ राहिल्या होत्या, आणि राग नेमका त्याचाच होता.

तटस्थ राहणं म्हणजे काहीच न करणं, असं आपण सहज धरून चालतो. अमेरिकेच्या प्रायमरीत तसं नसतं. तिथे मोठ्या नेत्याचं मौन हीसुद्धा एक चाल असते. तिचे फायदे असतात आणि तिची किंमतही मोजावी लागते. हे नीट कळायचं तर आधी प्रायमरी म्हणजे काय ते समजून घ्यायला हवं, कारण आपल्याकडच्या राजकारणात तिच्यासारखी गोष्टच नाही.

आपल्याकडे उमेदवारी म्हणजे 'तिकीट', आणि तिकीट देणारे पक्षश्रेष्ठी. मुंबईत किंवा दिल्लीत याद्या तयार होतात, शेवटच्या दिवशी एबी फॉर्म कोणाच्या हातात पडतो त्यावर सगळं ठरतं, आणि ज्याला डावललं तो एकतर बंडखोरी करतो किंवा गप्प बसतो. मतदाराचा संबंध त्यानंतर येतो. अमेरिकेत ही तिकीटवाटपाची पायरीच मतदारांच्या हातात आहे. पक्षाचा उमेदवार कोण असावा यासाठी आधी एक निवडणूक होते, तीच प्रायमरी. काही राज्यांत मतपेटीऐवजी सभा भरवून कौल घेतात, त्याला कॉकस म्हणतात.

याचा अर्थ किती खोल आहे, ते श्री ठाणेदार यांच्या उदाहरणावरून कळतं. बेळगावात वाढलेला, मराठी बोलणारा हा उद्योजक २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरला आणि तिसरा आला. २०२२ मध्ये ते डेट्रॉइट परिसरातल्या १३ व्या मतदारसंघातून काँग्रेससाठी, म्हणजे अमेरिकी संसदेसाठी, उभे राहिले. प्रायमरीत नऊ उमेदवार होते आणि स्थानिक पुढाऱ्यांपैकी अनेकांनी वेगवेगळ्या नावांना पाठिंबा दिला होता. ठाणेदार सुमारे २८ टक्के मतांवर पहिले आले, पक्षाची उमेदवारी त्यांना मिळाली आणि नोव्हेंबरमध्ये ते निवडूनही आले. कोणत्याही श्रेष्ठींनी त्यांना तिकीट दिलं नव्हतं, आणि ते अडवण्याची सोयही कोणाकडे नव्हती.

राष्ट्राध्यक्षपदाची प्रायमरी याहून गुंतागुंतीची असते. ती एका दिवसात होत नाही. एकेका राज्याचं मतदान होत होत चार-पाच महिने जातात. मतदार उमेदवाराला मत देतात, पण मोजणी शेवटी प्रतिनिधींची होते. हे प्रतिनिधी उन्हाळ्यात अधिवेशनाला जाऊन उमेदवारावर शिक्कामोर्तब करतात. डेमोक्रॅटिक पक्षात राज्यातले प्रतिनिधी मतांच्या प्रमाणात वाटले जातात. म्हणजे एखादं राज्य थोडक्या मतांनी जिंकलं तर प्रतिनिधीही थोडकेच जास्त मिळतात. २०१६ मध्ये याशिवाय सातशेहून अधिक 'सुपरडेलिगेट' होते: खासदार, गव्हर्नर, माजी राष्ट्राध्यक्ष, पक्षाचे पदाधिकारी. त्यांना आपल्या राज्याचा कौल बंधनकारक नव्हता, मनाला येईल त्या उमेदवाराला ते मत देऊ शकत. वॉरन या त्यांच्यापैकी एक.

अशा व्यवस्थेत नेत्याच्या हाती तिकीट नसलं, तरी जाहीर पाठिंबा असतो. 'मी अमुक उमेदवाराच्या मागे आहे' असं एखाद्या मोठ्या नेत्याने म्हटलं की बातमी होते, देणगीदार हलतात, कार्यकर्ते कामाला लागतात. आणि तो पाठिंबा कोणालाच दिला नाही, तरी बातमी होते.

वॉरन यांच्या बाबतीत ती बातमी फार मोठी झाली. त्या मूळच्या राजकारणी नव्हेत. त्या हार्वर्डमध्ये दिवाळखोरीचा कायदा शिकवत. सामान्य कुटुंबं कर्जात का बुडतात, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. २००८ च्या आर्थिक संकटानंतर बँकांच्या आणि क्रेडिट कार्ड कंपन्यांच्या ग्राहकांचं रक्षण करणारी स्वतंत्र सरकारी यंत्रणा उभी राहिली, तिची कल्पना त्यांची. २०१२ मध्ये त्या सिनेटवर निवडून आल्या आणि मोठ्या बँकांवर थेट तुटून पडणारी नेता म्हणून काही महिन्यांत देशभर पोहोचल्या. २०१६ ची निवडणूक वॉरन यांनीच लढवावी म्हणून डिसेंबर २०१४ पासून दोन संघटनांनी मोहीम चालवली होती. त्या उभ्या राहायला तयार झाल्या नाहीत, आणि जून २०१५ मध्ये मोहीम गुंडाळली गेली.

त्या डावीकडच्या मतदारांना मग सँडर्स सापडले. वॉल स्ट्रीटवरची, म्हणजे मोठ्या बँका आणि वित्तसंस्थांवरची टीका, शिक्षणकर्जाचा प्रश्न, वाढती विषमता हे सगळे मुद्दे दोघांचे सारखेच होते. त्यामुळे वॉरन आपल्यासोबत येणारच, असं सँडर्स समर्थकांनी मनाशी धरलं होतं. दुसऱ्या बाजूला क्लिंटन यांचाही त्यांच्यावर हक्क सांगण्यासारखा होता. २०१३ मध्ये सिनेटमधल्या सगळ्या डेमोक्रॅटिक महिलांनी क्लिंटन यांनी निवडणूक लढवावी असं पत्र लिहिलं, त्यावर वॉरन यांचीही सही होती. २०१५ च्या अखेरीस पक्षाच्या चौदा महिला सिनेटरांपैकी तेरा जणी क्लिंटन यांच्यामागे उभ्या होत्या. उरलेल्या एकट्या म्हणजे वॉरन. आणि सँडर्स यांच्याकडे तर प्रायमरीच्या पूर्ण काळात एकच सिनेटर आला, ऑरेगनचे जेफ मर्कली, तेही एप्रिलमध्ये.

झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण या परिस्थितीला चपखल बसते. पाठिंबा एकदा देऊन टाकला की त्याचा भाव संपतो. न दिलेल्या पाठिंब्यासाठी मात्र दोन्ही बाजूंना विनवणी करावी लागते, आणि विनवणी करणारा काहीतरी घेऊन येतो. डिसेंबर २०१४ मध्येच क्लिंटन यांनी वॉरन यांना वॉशिंग्टनमधल्या आपल्या घरी बोलावून धोरणांविषयी त्यांच्या कल्पना विचारल्या होत्या. जुलै २०१५ मध्ये वॉरन यांनी फिनिक्समधल्या मेळाव्यात एक अट जाहीरपणे मांडली. बँका सोडून सरकारी नोकरीत येणाऱ्या अधिकाऱ्यांना त्यांच्या जुन्या मालकांकडून घसघशीत बक्षिसी मिळते. ती बंद करणारं विधेयक सिनेटर टॅमी बाल्डविन यांनी आणलं होतं. राष्ट्राध्यक्ष व्हायचं असेल त्याने त्याला पाठिंबा द्यावा, असं वॉरन यांचं म्हणणं. ऑगस्ट संपता संपता क्लिंटन यांनी बाल्डविन यांच्यासोबत लेख लिहून त्या विधेयकाला पाठिंबा दिला.

हा मुद्दा किरकोळ नाही. वॉरन यांचा विचार असा की सरकारात माणसं कोणती बसतात, यावरच धोरण ठरतं. अर्थखात्यात बँकांचेच लोक बसले तर कागदावरच्या कडक कायद्यांना अर्थ राहत नाही. त्यांना निवडणूक कोण जिंकतं याइतकंच जिंकल्यावर अर्थखात्यात कोण जातं याचं महत्त्व वाटत होतं. सँडर्स यांची बाजू घेतली असती आणि क्लिंटन जिंकल्या असत्या, तर त्या निवडींत वॉरन यांचं कोण ऐकणार होतं? क्लिंटन यांची बाजू आधीच घेतली असती, तर त्यांना वॉरन यांच्याकडे वळून पाहायची गरज उरली नसती. माझ्या मते मौनामागचं सगळ्यात भक्कम कारण हेच होतं.

तरीही एक प्रश्न सँडर्स समर्थकांच्या मनातून कधी गेला नाही, आणि तो खोडून काढण्यासारखा नाही. १ मार्च २०१६ रोजी मॅसॅच्युसेट्समध्ये, म्हणजे वॉरन यांच्या घरच्या राज्यात, मतदान झालं. आधीच्या महिन्यात आयोवात क्लिंटन जेमतेम पाव टक्क्याने पुढे राहिल्या होत्या आणि न्यू हॅम्पशरमध्ये सँडर्स यांनी ६० टक्के मतं घेतली होती. शेजारच्या मॅसॅच्युसेट्समध्ये काय होतं याकडे सगळ्यांचं लक्ष होतं. क्लिंटन तिथे सुमारे १७ हजार मतांनी जिंकल्या. बारा लाखांवर झालेल्या मतदानात हा फरक दीड टक्क्याहूनही कमी. वॉरन यांनी सँडर्स यांच्यासाठी दोन सभा घेतल्या असत्या तर?

प्रतिनिधींच्या हिशेबात पाहिलं तर फार फरक पडला नसता. मॅसॅच्युसेट्सचे ४६ प्रतिनिधी क्लिंटन यांना मिळाले आणि ४५ सँडर्स यांना. निकाल फिरला असता तरी एकदोन जागा इकडच्या तिकडे झाल्या असत्या, आणि शेवटी राज्यांतून निवडून आलेल्या प्रतिनिधींत क्लिंटन २,२०५ विरुद्ध १,८४६ अशा पुढे होत्या. पण निवडणूक नुसत्या आकड्यांवर चालत नाही. त्या रात्री सँडर्स यांनी मॅसॅच्युसेट्स जिंकलं असतं तर दुसऱ्या दिवसाचे मथळे वेगळे असते, हे मान्य करायलाच हवं.

मोठ्या नेत्याच्या शब्दाने मतं खरंच हलतात का, याचं उत्तरही याच राज्याच्या इतिहासात आहे. २००८ मध्ये बराक ओबामा आणि क्लिंटन यांच्यात लढत होती. मॅसॅच्युसेट्सचे दोन्ही सिनेटर, टेड केनेडी आणि जॉन केरी, आणि गव्हर्नर देव्हल पॅट्रिक हे तिघंही ओबामांच्या मागे उभे राहिले. केनेडी घराण्याचं त्या राज्यातलं वजन वेगळं सांगायला नको. मतदान झालं आणि क्लिंटन तिथे सुमारे पंधरा टक्क्यांनी जिंकल्या. याच्या अगदी उलट उदाहरण २०२० चं. साउथ कॅरोलायनाचे काँग्रेस सदस्य जिम क्लायबर्न यांनी मतदानाच्या तीन दिवस आधी, २६ फेब्रुवारीला, जो बायडन यांना पाठिंबा दिला. बायडन तोवर आयोवा, न्यू हॅम्पशर, नेवाडा अशा तिन्ही ठिकाणी हरले होते. साउथ कॅरोलायनात त्यांना ४८ टक्क्यांहून जास्त मतं मिळाली, आणि मतदान करून बाहेर पडलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांनी क्लायबर्न यांचा पाठिंबा आपल्यासाठी महत्त्वाचा होता असं सांगितलं.

फरक कशामुळे पडला? क्लायबर्न बोलले तेव्हा तिथले अनेक मतदार अजून ठरवत होते, आणि हा माणूस आपल्या गल्लीतला, आपल्या चर्चमधला आहे असं कृष्णवर्णीय मतदारांना वाटत होतं. क्लिंटन यांना मात्र मॅसॅच्युसेट्सचे लोक वर्षानुवर्षं ओळखत होते, त्यांच्याविषयी मत बनवायला केनेडींची गरज नव्हती. हेच क्लायबर्न २००८ मध्ये मात्र शेवटच्या दिवसापर्यंत, ३ जूनपर्यंत, तटस्थ राहिले होते. तेव्हा ते काँग्रेसमधल्या पक्षनेतृत्वात होते आणि दोन्ही बाजूंचे खासदार त्यांना सांभाळायचे होते. म्हणून मला तटस्थतेला माणसाचा स्वभाव मानणं चुकीचं वाटतं. तीच व्यक्ती एका वर्षी गप्प राहते आणि दुसऱ्या वर्षी निकाल फिरवते.

इथे एक फरक स्पष्ट करायला हवा, कारण २०१६ च्या रागात तो पुसला गेला होता. काही लोकांसाठी तटस्थता हे कर्तव्य असतं. डेमोक्रॅटिक राष्ट्रीय समितीच्या अध्यक्षाने उमेदवारांशी निःपक्षपातीपणे वागलं पाहिजे, असं पक्षाच्या घटनेतच लिहिलं आहे. २०१६ मध्ये त्या पदावर डेबी वॉसरमन शुल्ट्झ होत्या. अधिवेशनाच्या तीन दिवस आधी विकिलीक्सने समितीचे ईमेल बाहेर काढले आणि त्यांतून समितीतल्या लोकांची सँडर्स यांच्याविषयीची नाराजी उघडी पडली. २४ जुलैला त्यांनी राजीनामा जाहीर केला. त्याच समितीच्या उपाध्यक्ष तुलसी गबार्ड यांना सँडर्स यांची बाजू घ्यायची होती, तेव्हा त्यांनी फेब्रुवारीत आधी पद सोडलं आणि मग पाठिंबा दिला. मला गबार्ड यांचं तेव्हाचं वागणं चोख वाटतं. पंचाला खेळायचं असेल तर त्याने आधी शिट्टी खाली ठेवली पाहिजे.

कर्तव्याच्या अलीकडे पदाची गरज येते. राष्ट्राध्यक्ष ओबामा ९ जून २०१६ पर्यंत जाहीरपणे तटस्थ राहिले, कारण जो जिंकेल त्याच्यामागे संपूर्ण पक्ष उभा करण्याचं काम त्यांचंच होतं. २००८ मध्ये सभापती नॅन्सी पलोसी यांची स्थिती तशीच होती. त्या अधिवेशनाच्या अध्यक्षही होणार होत्या. त्यांनी कोणालाही पाठिंबा दिला नाही, पण सुपरडेलिगेटांनी मतदारांचा कौल उलटवू नये एवढं म्हणाल्या. प्रतिनिधींत ओबामा पुढे असल्यामुळे हे नियमाचं बोलणंही क्लिंटन यांच्या बड्या देणगीदारांना झोंबलं आणि त्यांनी पलोसींना निषेधाचं पत्र पाठवलं. वातावरण तापलेलं असलं की निव्वळ नियम सांगणाराही पक्षपाती ठरतो.

वॉरन या दोन्हींपैकी कशातच बसत नव्हत्या. त्या पक्षाच्या पंच नव्हत्या आणि राष्ट्राध्यक्षही नव्हत्या. त्यांची तटस्थता पूर्णपणे स्वतःच्या मर्जीची होती. या बाबतीत २००८ मधले माजी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर त्यांच्या जवळचे. गोर यांनी आधीच्या निवडणुकीत, डिसेंबर २००३ मध्ये, मतदान सुरू होण्यापूर्वीच डेमोक्रॅटिक उमेदवारीच्या शर्यतीतल्या हॉवर्ड डीन यांना पाठिंबा दिला होता. दीड महिन्याच्या आत डीन आयोवात तिसऱ्या क्रमांकावर फेकले गेले. २००८ मध्ये क्लिंटन माघार घेईपर्यंत गोर बोलले नाहीत. १६ जूनला डेट्रॉइटमध्ये ओबामांच्या सभेत आले, तेव्हा बोलण्यासारखं फार उरलं नव्हतं.

मर्जीची तटस्थता आहे म्हणूनच तिचा जाब विचारण्याचा हक्क मतदारांना आहे. आणि इथे मला वॉरन यांच्या बाजूने काही गोष्टी नोंदवाव्याशा वाटतात. त्या नुसत्या तळ्यात-मळ्यात करत बसल्या नव्हत्या. मार्चमध्ये सँडर्स यांनी आता माघार घ्यावी अशी कुजबुज सुरू झाली, तेव्हा सँडर्स यांनी योग्य प्रश्न मांडले आहेत आणि त्यांच्या लढण्याचा मला आनंद आहे, अशा अर्थाचं त्या उघडपणे बोलल्या. मे महिन्यात ट्विटरवर डोनाल्ड ट्रम्प यांच्याशी त्यांचा जोरदार सामना रंगला. तटस्थता होती ती पक्षाच्या आत, बाहेर नव्हे. जूनमध्ये त्यांनी असंही सांगितलं की मी स्वतः सुपरडेलिगेट असले तरी ही पद्धत मला मान्य नाही. ९ जूनला, कॅलिफोर्नियाचं मतदान उरकल्यावर, ओबामांच्याच दिवशी त्यांनी क्लिंटन यांना पाठिंबा जाहीर केला आणि २७ जूनला सिनसिनाटीत त्यांच्यासोबत व्यासपीठावर आल्या.

त्यांची चूक मला वेगळ्या ठिकाणी दिसते. आपण बाजू का घेत नाही, हे त्यांनी मतदानाच्या आधी मतदारांना नीट उलगडून सांगितलं नाही. मुद्दे सँडर्स यांचे, सही क्लिंटन यांच्या पत्रावर, आणि पाठिंबा कोणालाच नाही. ज्या तरुणांनी वॉरन यांच्या उमेदवारीसाठी महिनोन्‌महिने सह्या गोळा केल्या, त्यांना एवढं स्पष्टीकरण मिळायला हवं होतं. ते न मिळाल्यामुळे त्यांनी आपापला अर्थ लावला, आणि तो अर्थ फिलाडेल्फियात ऐकू आला.

नोव्हेंबरमध्ये काय झालं ते जगाला माहीत आहे. मतदारांच्या एका मोठ्या सर्वेक्षणानुसार प्रायमरीत सँडर्स यांना मत देणाऱ्यांपैकी सुमारे १२ टक्के लोकांनी शेवटी ट्रम्प यांना मत दिलं. बहुसंख्य क्लिंटन यांच्याकडेच आले. पण मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांत मिळून निकाल ठरला तो ८० हजारांपेक्षाही कमी मतांनी. वॉरन यांच्या तटस्थतेमुळे हे झालं असं म्हणणं अन्यायाचं ठरेल, कारण त्या बारा टक्क्यांतले बरेच जण मुळात फारसे डेमोक्रॅट नव्हतेच. मात्र शेवटी दोन्ही गटांना जोडता यावं म्हणून गप्प राहायचं, हा हिशेब वाटतो तितका खात्रीचा नाही, हे त्यावरून दिसतं. जोडणाऱ्यावर दोन्ही गटांचा विश्वास उरलेला असावा लागतो.

पक्षाने पुढे एक दुरुस्ती केली. ऑगस्ट २०१८ मध्ये ठरलं की सुपरडेलिगेटांनी अधिवेशनाच्या पहिल्या फेरीत मत द्यायचं नाही, निकाल आधीच स्पष्ट असेल तरच अपवाद. त्यामुळे नेत्यांच्या हातातलं मत गेलं आणि त्यांचा शब्द तेवढा उरला.

त्या शब्दाची परीक्षा वॉरन यांच्यावर पुन्हा आली. २०२० मध्ये त्या स्वतः उमेदवार होत्या. ३ मार्चला घरच्या मॅसॅच्युसेट्समध्ये बायडन आणि सँडर्स यांच्यामागे तिसऱ्या आल्या आणि ५ मार्चला बाहेर पडल्या. उरले बायडन आणि सँडर्स, आणि वॉरन पुन्हा गप्प. यावेळी त्यांच्याकडे स्वतःला मत दिलेले लाखो लोक होते, त्यामुळे मौन आणखी जड होतं. सँडर्स समर्थक पुन्हा संतापले.

बायडन यांच्याशी वॉरन यांचं जुनं भांडण होतं. २००५ मध्ये कर्जात बुडालेल्या कुटुंबांना दिवाळखोरीचा आसरा घेणं अवघड करणारा कायदा आला, तेव्हा डेलावेअरचे सिनेटर बायडन त्याच्या बाजूने होते आणि प्राध्यापक वॉरन विरोधात. सिनेटच्या सुनावणीत दोघांची खडाजंगी झाली होती. मार्च २०२० च्या मध्यावर, वॉरन यांनी अजून कोणालाच पाठिंबा दिलेला नसताना, बायडन यांनी त्यांचा दिवाळखोरी कायद्याच्या सुधारणेचा आराखडा आपला म्हणून स्वीकारला. पंधरा वर्षांपूर्वी स्वतः उचलून धरलेल्या कायद्यातल्या तरतुदी मागे घेण्याचा तो आराखडा होता. सँडर्स यांनी ८ एप्रिलला माघार घेतली. वॉरन यांचा पाठिंबा बायडन यांना मिळाला १५ एप्रिलला.